रेडिओ वर्णपटावरून सौरस्फोटाचा वेग काढताना

सूर्याच्या रेडिओ अभ्यासाची सुरुवात अँटेना उभारण्यापासून न करता तयार नोंदींपासून करावी. कॅलिस्टो या साध्या रेडिओ वर्णपटमापकाचे जाळे जगभर पसरलेले असून उटी व कर्नाटकातील गौरीबिदनूर येथेही त्याची केंद्रे आहेत. त्यांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या फाइली कोणालाही विनामूल्य मिळतात. अमेरिकेच्या गोज हवामान-उपग्रहांच्या क्ष-किरण आलेखावरून एम किंवा एक्स या सर्वांत प्रबळ वर्गांतली एखादी सौरज्वाला (सूर्यावरील ऊर्जेचा अचानक उद्रेक) निवडावी आणि त्या वेळी केंद्रावर दिवस होता ना, हे पाहावे. फाइलींतील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. नवख्यांची पहिली चूक बहुधा इथेच होते.

वर्णपटाच्या चित्रात आडवी वेळ व उभी वारंवारिता (वर जास्त) असते. प्रत्येक वारंवारितेच्या नोंदीतून तिचा मध्यक (क्रमाने लावलेल्या मूल्यांतील मधले) वजा केला की पार्श्वभूमी स्वच्छ होते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये उरलेल्या आडव्या रेघा एफएम केंद्रांच्या असतात. खरा सौरस्फोट तेव्हा दिवस असलेल्या दूरच्या दुसऱ्या केंद्रावरही त्याच क्षणी दिसला पाहिजे.

जवळजवळ उभी रेघ म्हणजे तिसऱ्या प्रकारचा स्फोट, अर्थात वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत. काही मिनिटे सावकाश खाली उतरणारा पट्टा म्हणजे दुसऱ्या प्रकारचा, आघात तरंगाचा. तासन्‌तास चालणारे बारीक ठिपके हे सक्रिय प्रदेशावरील (सूर्यडागांभोवतीच्या प्रबळ चुंबकीय भागावरील) रेडिओ वादळ असते, त्याला ज्वाला लागतेच असे नाही. स्फोट नेमक्या कोणत्या सक्रिय प्रदेशातून आला हे मात्र वर्णपट सांगत नाही. त्यासाठी गौरीबिदनूरच्या रेडिओ हेलिओग्राफसारख्या उपकरणाच्या प्रतिमा लागतात.

आता गणित. सूर्याभोवतीच्या विद्युतभारित वायूतून (प्लाझ्मातून) येणाऱ्या या लहरींची वारंवारिता त्याच्या घनतेवर ठरते; सूर्यापासून वर जावे तशी दोन्ही घटतात. ही प्लाझ्माची वारंवारिता किलोहर्ट्झमध्ये म्हणजे दर घन सेंटिमीटरमधील इलेक्ट्रॉनसंख्येच्या वर्गमूळाची नऊपट. दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा दोन पट्टे दिसतात व वरच्याची वारंवारिता खालच्याच्या सुमारे दुप्पट असते. मोजणीसाठी खालचा घ्यावा. तो ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आला, तर न्यूकर्क यांच्या १९६१ च्या घनता-प्रारूपानुसार (कोणत्या उंचीवर किती घनता हे सांगणाऱ्या सूत्रानुसार) आघात तरंग सूर्यकेंद्रापासून १.३२ सूर्यत्रिज्यांवरून १.६२ वर, म्हणजे सुमारे २ लाख ७ हजार किलोमीटर वर सरकला. याला चार मिनिटे लागली असल्यास वेग सेकंदाला सुमारे ८६० किलोमीटर येतो. तेच अंतर तिसऱ्या प्रकारचा स्फोट दोन सेकंदांत कापत असेल, तर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एक-तृतीयांश वेगाने धावत आहेत.

या आकड्यांवर फार विसंबू नये. प्रारूपातील घनता दुप्पट धरली, तर आघात तरंगाचा वेग सेकंदाला ८६० ऐवजी सुमारे १,०७० किलोमीटर होतो. म्हणून वहीत वेगाशेजारी प्रारूप व त्याच्या घनतेला लावलेला गुणक न चुकता लिहावा.