तलावाकाठच्या रहिवासी संस्थेने काय करावे: आधी पाण्याची वाट, मग काठ

नागपुरात अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव अशी तलावांची मोठी परंपरा आहे. पांढराबोडीसारख्या वस्तीच्या नावातही पाण्याची आठवण शिल्लक आहे. यांपैकी बहुतेक तलाव माणसांनी पाळ (पाणी अडवणारा बांध) घालून, विशिष्ट गरजेसाठी बांधलेले आहेत. अंबाझरीने एकेकाळी शहराला पिण्याचे पाणी पुरवले. माणसाने बांधलेला तलाव माणसाने सांभाळला नाही तर तो गाळाने उथळ होतो, सांडपाण्याने कुजतो आणि एखाद्या पावसाळ्यात काठच्याच घरांत शिरतो. म्हणून तलावाची निगा आणि रहिवाशांची सुरक्षितता ही दोन वेगळी कामे नाहीत, हे संस्था स्थापन करणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत मान्य करून घ्यावे.

अनेक ठिकाणी संस्थेची सुरुवात बाकडी, दिवे, पेव्हर ब्लॉक आणि रंगवलेल्या कठड्यांपासून होते. ही कामे लवकर दिसतात आणि निधीही त्यांच्यासाठी सहज मिळतो, परंतु तलावात पाणी कोठून येते आणि कोठून जाते हे समजल्याशिवाय केलेले सुशोभीकरण पुष्कळदा तलावाला अपायच करते. उभी काँक्रीटची भिंत बांधली की उथळ, चिखलाचा काठ नाहीसा होतो. शेकाट्या, वंचक, टिटवी या पक्ष्यांना उभे राहायला जागा उरत नाही, बेडूक आणि कासवांना वर चढता येत नाही आणि पावसाचे पाणी गाळून घेणारी लव्हाळी व पाणकणीस यांचा पट्टाही जातो. आधी पाण्याची वाट आणि नंतर काठ, हा क्रम संस्थेने सोडू नये.

उन्हाळ्यातील कोरडी फेरी

सर्वांत उपयुक्त तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही. एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात, अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर त्यानंतर चार-पाच कोरडे दिवस जाऊ देऊन, सकाळी सात ते नऊ या वेळेत संपूर्ण तलावाला पायी फेरी घालावी. तलावात उतरणारी प्रत्येक नाली, पाइप आणि पाळीतील भगदाड पाहावे. पावसाळी नाली या दिवसांत कोरडी असली पाहिजे. ती वाहत असेल, तर ते पाणी जवळजवळ निश्चितच घरांचे, हॉटेलांचे, गाड्या धुण्याच्या केंद्रांचे किंवा फुटलेल्या गडरलाइनचे आहे. सकाळची वेळ एवढ्यासाठीच, की घरोघरी आंघोळी आणि धुणीभांडी चालू असतात आणि चोरून जोडलेली नळी त्या वेळी हमखास वाहताना सापडते.

तलावात उघडणाऱ्या प्रत्येक नालीच्या किंवा पाइपच्या मुखाचे छायाचित्र दिनांक, वेळ आणि स्थान दिसेल असे काढावे. पाण्याचा रंग, फेस, वास आणि प्रवाहाची जाडी (करंगळीएवढी, मनगटाएवढी, बादली किती सेकंदांत भरते) हे वहीत लिहावे. त्यानंतर वाहत्या नालीच्या मागे मागे, शक्य तितके वर चालत जावे. पुष्कळदा दोष एखाद्या चेंबरमध्ये सापडतो: मलवाहिनी तुंबलेली असते आणि तिचे पाणी शेजारच्या पावसाळी नालीत वळलेले असते. असा दोष दुरुस्त होण्याजोगा असतो, आणि तो दुरुस्त झाला की तलावातील निम्मे दुखणे कमी होते, कारण शेवाळ आणि जलपर्णी या दोहोंना पोसणारे नत्र व स्फुरद मुख्यतः सांडपाण्यातूनच येते.

या फेरीला वस्तीतील मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांना आणि शिंगाडा लावणाऱ्यांना आवर्जून बोलवावे. तलाव कोठे खोल आहे, कोणत्या कोपऱ्यात गाळ साचतो, कोणत्या वर्षापासून पाण्याला वास यायला लागला, हे त्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशात नसते. मासेमारीचा ठेका एखाद्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असेल, तर त्या संस्थेचा प्रतिनिधी कार्यकारिणीत असणे सर्वांच्याच हिताचे आहे.

संस्था आणि कागदपत्रे

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये किमान सात सदस्यांची संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वयेही नोंदणी होते आणि हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चालते. नोंदणी झाली की हिशेबांचे दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. या अर्जाकडे दुर्लक्ष झाले की पुढे बँक खात्यापासून अनुदानापर्यंत सर्व अडते, त्यामुळे सचिवाने निवडणुकीच्या आठवड्यातच तो तयार करावा. बँक व्यवहाराला दोन स्वाक्षऱ्या आणि प्रत्येक वर्गणीला पावती, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली तर पैशावरून मने दुखावण्याची वेळ येत नाही.

सदस्यत्वाबाबत माझे मत ठाम आहे. तलावाच्या पाळीखाली किंवा नाल्याच्या काठी झोपड्यांत राहणारी कुटुंबे संस्थेबाहेर ठेवली, तर ती संस्था फ्लॅटधारकांची होते, तलावाकाठच्या वस्तीची होत नाही. पुराचा पहिला फटका त्यांना बसतो आणि शौचालयाची सोय नसल्याचा दोषही त्यांच्याच माथी मारला जातो. वर्गणी त्यांना झेपेल एवढी असावी, बैठक धुणीभांडी आणि मजुरीची कामे आटोपल्यावर घ्यावी, आणि सार्वजनिक शौचालय व मलवाहिनीची जोडणी ही मागणी संस्थेच्या पहिल्या ठरावांत असावी.

तलावाची जमीन कोणाच्या नावावर आहे, हेही आरंभीच पाहून ठेवावे. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (मालमत्ता पत्रक) आणि मोजणीचा नकाशा, तर महापालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास यांच्याकडून विकास योजनेचा उतारा मिळवावा. मालकी महापालिकेची, प्रन्यासाची, शासनाची किंवा एखाद्या विद्यापीठासारख्या संस्थेची असू शकते, आणि तक्रार चुकीच्या कार्यालयात गेली की महिने वाया जातात. नकाशा हाती असला म्हणजे भराव टाकून तलाव आत सरकवला जात असल्यास तेही दाखवता येते. ग्रामीण व शहरी तलाव ही समाजाची सामायिक संपत्ती असून ती अतिक्रमणापासून जपली पाहिजे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या हिंच लाल तिवारी प्रकरणात आणि २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात स्पष्टपणे मांडली आहे.

तक्रार लिहिताना एका अर्जात एकच मागणी करावी. ‘तलाव स्वच्छ करावा’ या वाक्यावर कोणताही अभियंता काम काढू शकत नाही. ‘अमुक खांबासमोरील नालीतून कोरड्या दिवसांतही पाणी तलावात येते, ते तलावाआधी अडवून मलवाहिनीत वळवावे आणि पावसाचे जादा पाणी मात्र तलावात येऊ द्यावे’ या वाक्यावर काढता येते. अर्ज महापालिकेच्या झोन कार्यालयात देऊन पोच घ्यावी. सांडपाण्याचा प्रश्न असल्यास प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. त्याचे उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

पाण्याची नोंद

दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दोन-तीन जागांवरून पाण्याची पातळी, पारदर्शकता, सामू (पीएच) आणि विरघळलेला प्राणवायू मोजावा. पारदर्शकतेसाठी काळी-पांढरी रंगवलेली पत्र्याची चकती दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. प्राणवायूसाठी साधा तपासणी संच मिळतो, किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याची विनंती करता येते. मासे आणि वन्यजीवांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि सामू ६.५ ते ८.५ असावा, असे धरले आहे.

प्राणवायू पहाटे मोजावा. हिरव्यागार, शेवाळलेल्या तलावात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो, पण रात्री तेच शेवाळ श्वसन करून तो संपवते. सलग ढगाळ हवामानानंतर पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले, तर मासे मरण्याची ती पूर्वसूचना असते. अशा वेळी कारंजे किंवा पंप लावून पाणी उसळते ठेवावे, मासेमारी संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे आणि पाण्याचा नमुना त्याच तासात काठोकाठ भरून घ्यावा, कारण दुपारपर्यंत पुरावा बदलतो. मासे मेलेच, तर हातमोजे घालून ते त्याच दिवशी बाहेर काढावेत. पाण्यातच कुजले तर उरलेला प्राणवायूही जातो. माशांना पाव, कणकेचे गोळे घालण्याची सवय श्रद्धेची असली तरी कुजणारे अन्न पाण्यावरचा भार वाढवते, हे काठावरच्या फलकावर नम्रपणे लिहावे.

जलपर्णी फुलोऱ्याला येण्यापूर्वी काढावी, कारण तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. काढलेला ढीग काठावर ठेवू नये. त्याचा रस पुन्हा तलावात उतरतो, म्हणून तो दूर नेऊन वाळवावा. काठावरील बेशरम ही झुडपी वनस्पती मुळासकट उपटावी. तिची तुटलेली फांदीही ओल्या जमिनीत रुजते. गाळ काढण्याचे काम महापालिकेच्या यंत्रणेकडूनच आणि पावसाळ्यापूर्वी व्हावे. तळाचा चिकणमातीचा थर खरवडला गेला तर तलाव पाणी धरत नाही, तसेच सांडपाणी मुरलेला गाळ तपासणीशिवाय शेतात जाऊ देऊ नये.

पाळ, सांडवा आणि पुराची तयारी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसे झोपेत असतानाच पाणी घरात शिरले. त्यात जीवितहानीही झाली. सांडव्यासमोरील (तलावाचे जादा पाणी बाहेर पडते त्या वाटेसमोरील) अडथळ्यांचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ज्या वस्तीच्या डोक्यावर तलाव आहे, त्या प्रत्येक वस्तीने यातून आपली तयारी ठरवली पाहिजे.

मे महिन्यात आणि पुन्हा प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाळीवर चालून पाहावे. घुशींची बिळे, खचलेला भाग, भेगा, पाळीत रुजलेली वड-पिंपळाची झाडे यांची नोंद करावी. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल असेल तर तेथून येणारे पाणी बाटलीत धरून पाहावे: ते नितळ असेल तर लक्ष ठेवावे, गढूळ असेल तर पाळीची माती वाहून जात आहे असे समजून त्याच तासाला महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आणि अग्निशमन विभागाला कळवावे. स्वतः खणणे किंवा माती लोटणे टाळावे. सांडव्याच्या तोंडाशी जाळी, दुकान, पुतळा, वाहनतळ यांपैकी काहीही येऊ देऊ नये आणि सांडव्यापासून नाल्यापर्यंतची वाट दर पावसाळ्याआधी मोकळी करून घ्यावी. सांडव्याच्या बाजूला रंगाने पट्ट्या काढून पातळी वाचता येईल अशी सोय केली, तर रात्री टॉर्चच्या उजेडात कोणीही पातळी सांगू शकतो.

वस्तीची यादी घरोघरी जाऊन करावी: तळमजल्यावर कोण राहते, एकटे वृद्ध कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, डायलिसिस किंवा प्राणवायू यंत्रावर कोण, गरोदर कोण. प्रत्येक अशा घराला वरच्या मजल्यावरील एक शेजारी नेमून द्यावा आणि त्याने ‘काकू, पाणी वाढतंय, चला वर’ असे दार ठोठावून सांगायचे, हे आधीच ठरलेले असावे. केवळ मोबाइलवरील संदेशावर विसंबू नये. पहाटे तीन वाजता फोन कोणी पाहत नाही आणि वीज गेल्यावर तो चालेलच याचा भरवसा नाही. मंदिराची घंटा, विहारातील किंवा मशिदीतील ध्वनिक्षेपक, शिट्टी यांपैकी वस्तीला मान्य असलेली खूण वापरावी. घरात पाणी येण्याआधी मेन स्विच बंद करणे आणि पाणी ओसरल्यावर विद्युत तपासणीशिवाय तो न लावणे, याचा सराव जूनमध्ये एकदा करावा.

काठावर दोर बांधलेली, हवा भरलेली टायरची ट्यूब आणि लांब बांबू कायम ठेवावा. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणाराही बुडतो. बांबू पुढे करावा, दोर फेकावा, हे मुलांना शिकवावे.

डासांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डेंग्यूचा डास मुख्यतः घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि नागपुरात त्याचे हक्काचे घर म्हणजे उन्हाळा संपल्यावरही टाकीत पाणी राहिलेला कूलर. पाऊस सुरू होताच संस्थेने कूलर रिकामे करून, टाकी घासून कोरडी करण्याचा दिवस ठरवावा आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळावा. तलावात औषध फवारण्याची मागणी करण्यापूर्वी गच्च्या आणि कुंड्या तपासाव्यात.

सणांचे नियोजन

विसर्जनासाठी महापालिका कृत्रिम टाक्या ठेवते. टाकी वस्तीत कोठे हवी, हे संस्थेने गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी झोन कार्यालयाला लेखी कळवावे, कारण टाकी दूर असली की लोक तलावाकडे वळतात. निर्माल्यासाठी वेगळे कलश ठेवून त्याचे खत करावे. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती पाण्यात लवकर विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती घरीच बादलीत विरघळवण्याची पद्धत विकसित केली आहे, तिची माहिती मंडळांना आधीच द्यावी. दुर्गा विसर्जनालाही हीच व्यवस्था ठेवावी. छटपूजेला काठावर उतरणाऱ्या भाविकांसाठी उथळ, बॅरिकेड लावलेली जागा, प्रकाश आणि पूजेनंतरची स्वच्छता यांचे नियोजन त्या समाजाच्या आयोजकांसोबत बसून करावे.

वार्षिक सभा छटपूजेनंतर घ्यावी. तोवर पावसाळा संपून तलाव भरलेला असतो, वर्षभराच्या नोंदी हाताशी असतात आणि महापालिकेच्या पुढील अंदाजपत्रकाआधी मागणी लेखी देण्यास पुरेसा वेळ असतो. सभेपुढे मे महिन्यातील फेरीत सापडलेल्या मुखांची यादी ठेवावी, त्यांतील किती बंद झाली ते वाचून दाखवावे आणि उरलेल्या प्रत्येक मुखासाठी पाठपुरावा करणाऱ्या सदस्याचे नाव कार्यवृत्तात लिहून घ्यावे.