दुकानातर्फे स्वयंसेवकांचा सत्कार करायचा असेल तर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले आणि ओसरताना आमच्या किराणा दुकानात गुडघाभर गाळ ठेवून गेले. तो गाळ उपसायला जे हात आले, त्यांतले निम्मे आमच्या ओळखीचेही नव्हते. त्यांचे आभार मानायचे म्हणून आम्ही पुढे एक सत्कार केला आणि तो बऱ्यापैकी फसला. मागच्या फलकावर दुकानाचे नाव दोन फुटी अक्षरांत झळकत होते, सत्कारमूर्तींची नावे मात्र चष्मा लावूनही वाचता येत नव्हती, आणि एका बाईंचे आडनाव सन्मानचिन्हावर चुकीचे कोरले गेले होते. त्यानंतर सुधारत सुधारत जी पद्धत बसली, ती इतर दुकानदारांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे मांडत आहे.

सुरुवात निवडीपासून करावी आणि निवडीची घाई करू नये. ग्राहकांकडून चिठ्ठ्या मागवल्या तर ज्याचा मित्रपरिवार मोठा त्याचेच नाव वर येते. मंडळाच्या अध्यक्षांना विचारले तर मंडळाचेच कार्यकर्ते पुढे येतात. त्यापेक्षा जे रोज रस्त्यावर असतात त्यांना विचारावे : प्रभागातल्या आशाताई, रक्तपेढीतले तंत्रज्ञ, स्मशानभूमीचे रखवालदार, रिक्षा थांब्यावरचे चालक. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जत-आटपाडीकडून येणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णांना केसपेपर काढून देऊन योग्य विभागाच्या दारापर्यंत सोडणाऱ्या एका बाईंचे नाव आम्हाला कोणत्याही संस्थेकडून कळले नाही. ते फाटकासमोरच्या चहावाल्याने सांगितले. ‘त्या आल्या नाहीत की माझ्या गाड्यापाशी लोक कागद घेऊन उभे राहतात,’ असे तो म्हणाला, आणि एवढी शिफारस आम्हाला पुरली.

प्रत्येक नावासाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर चारच गोष्टी लिहाव्यात : काम केव्हापासून चालू आहे, आठवड्यातला किती वेळ त्यात जातो, ते कोणासाठी आहे, आणि ही व्यक्ती एखाद्या दिवशी आली नाही तर नेमके काय अडते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर ते नाव पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावे. अंतिम निर्णय तिघांनी घ्यावा आणि त्यांत दुकानाचा मालक नसावा. निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे ग्रंथपाल आणि एखादी आशाताई अशी समिती आमच्याकडे चांगली चालली. मालकाचे नातेवाईक, दुकानाला माल पुरवणारे आणि निवडणुकीला उभे राहण्याच्या तयारीतले इच्छुक यांना आधीच वगळावे. आचारसंहिता लागू असेल तर कार्यक्रम सरळ पुढे ढकलावा.

नाव ठरले की निमंत्रणपत्रिका छापण्याआधी त्या व्यक्तीच्या घरी जाऊन संमती घ्यावी, कारण प्रसिद्धी सर्वांनाच मानवते असे नाही. बेवारस मृतदेहांवर अंत्यसंस्कार करणाऱ्या एका गृहस्थांनी, आपल्या मुलीचे लग्न ठरायचे आहे, छायाचित्र नको, असे आम्हाला स्पष्ट सांगितले. आम्ही सन्मानपत्र त्यांच्या घरी नेऊन दिले आणि जाहीर यादीत त्यांचे नाव घातले नाही. याच भेटीत नाव त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. कोरणाऱ्याकडे तो कागद द्यावा, आपण फोनवर सांगितलेले नाव नव्हे. स्वयंसेवक अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी परवानगी हवी.

आता देण्याचा प्रश्न, आणि येथेच बहुतेक दुकाने चुकतात. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांना माझा विरोध नाही. घरातल्या मोठ्यांना तो मान दिसावा लागतो, म्हणून एक बरी शाल असावी. पण जो माणूस दहा वर्षे काम करतो आहे, त्याच्या कपाटात शालींची चळत आधीच असते. आमच्याकडे सत्काराला आलेल्या एका सर्पमित्राने शालीची घडी मांडीवर ठेवली आणि शेजारी बसलेल्या माझ्या भावाला हळूच विचारले, ‘दादा, याच्याऐवजी एक चांगली बॅटरी मिळाली असती का हो?’ त्याची बॅटरी रबरबँडने बांधलेली होती आणि तो रात्री-अपरात्री लोकांच्या अडगळीच्या खोल्यांत शिरत होता. तेव्हापासून घरभेटीतच आम्ही विचारतो की कामाला काय कमी पडते. उत्तरे साधी असतात : गमबूट, जाड हातमोजे, रेनकोट, सायकलचे टायर, पुरात उतरणाऱ्यांसाठी मापाचे लाइफ जॅकेट. यांतले काहीच मंचावर शोभून दिसत नाही, आणि न दिसले तरी चालते.

विम्याकडे विशेष लक्ष द्यावे. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण मिळते आणि विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे चालते. हप्ता ज्याच्या त्याच्या बँकखात्यातून परस्पर कापला जातो, त्यामुळे दुकानाने पैसे भरण्याचा प्रश्न येत नाही. मात्र फॉर्म आणून देणे, वारसाचे नाव लिहिले आहे का ते पाहणे आणि मेअखेरीस खात्यात शिल्लक आहे ना याची आठवण करणे एवढे काम दुकानातला मुलगाही करू शकतो. सर्पदंशासारख्या घटनेत दाव्यासाठी रुग्णालयाची तत्काळ झालेली नोंद लागते, हेही त्यांच्या घरच्यांना सांगून ठेवावे.

दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. रक्तदात्यांचा सत्कार करताना रोख रक्कम किंवा रोखीसारखी भेट देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून मोबदला घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आहे, आणि पाकीट दिल्याने आयुष्यभर निरपेक्ष रक्त दिलेल्या माणसाचा अपमानच होतो. दुसरे, सर्पमित्राला जिवंत साप घेऊन मंचावर बोलावू नये. साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांचा खेळ करता येत नाही आणि अशा छायाचित्राने अडचणीत येतो तो सर्पमित्रच. आपल्याच दुकानाची सवलतीची कुपनेही देऊ नयेत. तो सत्कार नव्हे, गिऱ्हाईक बांधणे झाले.

सन्मानपत्राच्या मजकुराला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी. ‘समाजासाठी दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल’ असे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून ते कोणालाच लागत नाही. वहीतले पान समोर ठेवून लिहावे : ‘सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपर खिडकीशी सहा वर्षे दर सोमवारी आणि गुरुवारी उभे राहून, वाचता न येणाऱ्या रुग्णांचे कागद भरून दिल्याबद्दल’. हे वाचून दाखवले तेव्हा त्या बाईंच्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, ‘म्हणजे ही तिथे जाते होय!’

तारखेच्या बाबतीत, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ठरवलेला ५ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन सोयीचा आहे. स्वच्छतेचे काम करणाऱ्यांसाठी २० डिसेंबर, म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी, आणि रक्तदात्यांसाठी १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन अधिक शोभतो. नदीकाठच्या गावांनी १५ ऑगस्ट टाळावा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४५ फुटांच्या धोका रेषेकडे सरकू लागली की सत्कारमूर्ती बोटीवर असतात आणि मंचावर रिकाम्या खुर्च्या राहतात. दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच करू नये, कारण तेव्हा प्रत्येक गोष्ट जाहिरात वाटते.

कार्यक्रम पाऊण तासात आटोपावा. प्रमुख पाहुणे नसले तरी काही बिघडत नाही. असले तर त्यांच्यासाठी सत्कारमूर्तींना ताटकळत ठेवू नये. परिचय सूत्रसंचालकाऐवजी त्या कामाचा लाभ झालेल्या माणसाने करून द्यावा, मग तो अडखळत बोलला तरी चालेल. मालकाने तीन मिनिटे बोलावे. कुटुंबीयांना पहिली रांग राखून ठेवावी. रस्त्यावर फ्लेक्स लावायचा असेल तर महापालिकेची किंवा नगरपरिषदेची परवानगी घ्यावी आणि कार्यक्रम संपताच तो उतरवावा. खरे तर दुकानातल्या काचेवर नावांचा एक कागद महिनाभर लावला तर तो जास्त लोक वाचतात.

खर्चाची नोंद स्वतंत्र ठेवावी. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही आणि कंपनी कायद्यातली सीएसआरची, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याची, सक्ती आपल्यासारख्या दुकानांना लागू होत नाही, एवढे लक्षात ठेवून बाकीचे आपल्या सीएंना विचारावे. पाच माणसांचा सत्कार नीट करणे पंचवीस जणांना रांगेत उभे करण्यापेक्षा स्वस्तही पडते.

कार्यक्रमानंतर ती वही माळ्यावर टाकू नये. आम्ही ती गल्ल्याशेजारी ठेवतो आणि मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस पडला की एकेकाला फोन करून विचारतो की गमबूट फाटले का, बॅटरी चालते का, २० रुपये कापले गेले का. गेल्या वर्षी सर्पमित्राने उलट आम्हालाच विचारले की गोदामाच्या मागची बिळे बुजवली का. ती बुजवायची राहिली होती.