चिरेबंदी घरातील टीव्ही आणि गाणी: इंटरनेटवरून पाहण्या-ऐकण्याची सुरुवात

बेळगावची उपनगरे असोत की खानापूर, निपाणीकडील मोठी गावे, फायबरची, म्हणजे काचतंतूच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटची, जोडणी घरात आली की पहिली चर्चा होते ती चित्रपट-गाण्यांचे कोणते ॲप घ्यावे याची. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी हाताळावा. चित्र मध्येच थांबते, गोल चकती फिरत राहते, तेव्हा दोष बहुतेक वेळा ॲपचा नसून घरातील भिंतींचा आणि राउटरच्या (घरभर वाय-फाय देणाऱ्या पेटीच्या) जागेचा असतो.

गरज मुळात किती असते ते आधी पाहू. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार १०८०पी (फुल एचडी) दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि त्याहून बारीक तपशील दाखवणाऱ्या ४के दर्जासाठी १५ मेगाबिट वेग पुरतो. सतत ५ मेगाबिट वेगाने तासभर चित्रपट पाहिला तर सुमारे सव्वादोन जीबी डेटा लागतो. गाणी मात्र सेकंदाला ३२० किलोबिट अशा उत्तम दर्जाने तासभर ऐकली तरी खर्च १४४ एमबीच्या आसपासच राहतो. म्हणून ज्यांच्याकडे फायबर नाही आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवरच भागवायचे आहे, त्यांनी गाण्यांपासून निःशंकपणे सुरुवात करावी. फायबर असेल तर ४०-५० मेगाबिटचा साधा प्लॅन चार-पाच माणसांच्या घराला पुरेसा होतो.

आता भिंतींकडे वळू. आपल्याकडील जुनी घरे जांभ्या चिऱ्याची किंवा जाड मातीच्या भिंतींची आहेत आणि वाय-फायच्या लहरी अशा भिंतींतून जाताना क्षीण होतात. बहुतेक नव्या राउटरमधून दोन प्रकारचे सिग्नल निघतात: ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर मंदावतो, २.४ गिगाहर्ट्झचा तुलनेने संथ असला तरी अधिक दूर पोहोचतो. आमच्या घरी जोडणी करणाऱ्याने राउटर सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, दाराच्या वर बसवला होता आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे माजघरात होता. वेग कमी पडतो असे समजून आम्ही वरचा प्लॅन घेतला, पण चित्र पूर्वीसारखेच अडखळत राहिले. शेवटी सोप्यापासून टीव्हीपर्यंत लॅन केबल (राउटर आणि टीव्ही थेट जोडणारी इंटरनेटची वायर) ओढली, त्या संध्याकाळपासून तक्रार उरली नाही आणि आम्ही पुन्हा जुन्या प्लॅनवर आलो. तेव्हा प्लॅन वाढवण्यापूर्वी फोन घेऊन टीव्हीच्या जागी उभे राहावे, रात्री आठ-नऊच्या सुमारास फास्ट डॉट कॉम या संकेतस्थळावर वेग मोजावा आणि मग राउटरजवळ जाऊन तोच वेग पुन्हा मोजावा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर उपाय घरातच करायचा आहे, हे निश्चित समजावे.

टीव्ही जुना असला तरी मागे एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज एकाच वायरने घेणारी खाच) असल्यास नवा घेण्याची गरज नाही. त्यात फायर टीव्हीसारखी, ॲप चालवणारी छोटी स्टिक लावून काम होते. बाजारातील स्वस्त अँड्रॉइड बॉक्स मात्र जपून घ्यावेत, कारण वाइडव्हाइन या चोरीविरोधी कुलूप-व्यवस्थेचे एल१ (सर्वांत वरच्या पातळीचे) प्रमाणपत्र नसलेल्या उपकरणावर मोठ्या सेवांचे चित्रपट एचडी दर्जात दिसत नाहीत. गाण्यांसाठी घरातील जुना ॲम्प्लिफायर ऑक्सच्या (हेडफोनसारख्या पिनेच्या) वायरने फोनला जोडावा. लहान ब्लूटूथ स्पीकरपेक्षा त्याचा आवाज मला कितीतरी भरदार वाटतो.

गाण्यांची ॲप सुरुवातीलाच आवडत्या भाषा विचारतात. तेथे मराठीबरोबर कन्नडही आवर्जून निवडावी, कारण आपल्या सीमाभागाचे संगीत कधीच एका भाषेत मावलेले नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला, आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांनी ख्यालाबरोबर कन्नड वचनेही (शिवशरणांची भक्तिरचना) गायली. अशा गायकांचे जुने ध्वनिमुद्रण शोधताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे लिहून पाहावे, कारण एकाच नावाची नोंद वेगवेगळ्या स्पेलिंगने केलेली आढळते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या वेव्हज या ॲपवर दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या संग्रहातील साहित्य आहे; घरातील ज्येष्ठांसाठी मी प्रथम तेच सुचवेन.

यानंतर पैशांचा विषय येतो. एका वेळी एकच सशुल्क सेवा घ्यावी आणि तिचा प्लॅन टीव्हीवर चालतो का, हे आधी वाचावे. नेटफ्लिक्सचा केवळ मोबाइलसाठी असलेला प्लॅन टीव्हीवर चालत नाही. फायबरच्या किंवा मोबाइलच्या प्लॅनमध्येच एखादी सेवा समाविष्ट असते, तेव्हा तीच पुन्हा विकत घेतली जाऊ नये. महिन्याचे पैसे आपोआप कापले जाणार असतील, तर किमान २४ तास आधी सूचना येणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवश्यक आहे; तो संदेश न वाचता पुसू नये. सेवा नको असल्यास केवळ ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, त्यासाठी खात्यात जाऊन ती रद्द करावी लागते आणि यूपीआयमधील ऑटोपे (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) हेही बंद झाले आहे ना, ते तपासावे लागते.

घरात मुले असतील तर त्यांच्यासाठी वेगळे प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर वयोगटाची खूण असते आणि यूए १३+ (तेरा वर्षे व पुढील वयासाठी) व त्यावरील कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते.

राहिला पावसाळा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (बॅटरीचा डबा) घेतला तर वीज गेल्यावरही फोनवरील गाणी चालू राहतात. मात्र विजा कडाडू लागल्या की राउटर, टीव्ही आणि यूपीएस या सर्वांचे प्लग काढून ठेवावेत. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जेथे रानात नेटवर्क मधूनच नाहीसे होते, तेथे राहणाऱ्यांनी किंवा सुट्टीला जाणाऱ्यांनी शहरात असतानाच चित्रपट आणि गाणी त्या-त्या ॲपमध्ये डाउनलोड करून घ्यावीत आणि निघण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकून ती खरोखर सुरू होतात का, हे एकदा पाहून घ्यावे.