मालगुजाराच्या वाड्यातल्या विलायती तबकड्या: धुवायच्या कशा, वाजवायच्या कशा

पूर्व विदर्भातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून अजूनही चाबीचा फोनो (चावी भरून चालणारा ग्रामोफोन) आणि तबकड्यांची पेटी निघते. नाट्यगीतांच्या खाली कधीकधी विलायती तबकड्याही सापडतात. त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आहेत का, हे लेबलवरून कळतं. 'फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा' हे नाव असेल तर तबकडी १९४५ च्या आधीची नाही. ध्वनिमुद्रण निर्माता वॉल्टर लेगनं तो वाद्यवृंद त्याच वर्षी उभा केला, आणि तो मुख्यतः ध्वनिमुद्रणासाठीच. डेक्का या इंग्लिश कंपनीच्या लेबलवर 'एफएफआरआर' (फुल फ्रिक्वेन्सी रेंज रेकॉर्डिंग) दिसलं तर ती तबकडी जपूनच हाताळा. युद्धात पाणबुड्यांचे आवाज ओळखायला शिकवण्यासाठी डेक्कानं जे तंत्र बसवलं, तेच पुढे संगीताला लावलं. त्यामुळे सुमारे १४,००० हर्ट्‌झपर्यंतचे बारीक स्वर या खाचांत उतरले. पण जड साउंडबॉक्सची (सुई धरून आवाज काढणाऱ्या डबीची) घिसलेली सुई आधी नेमके तेच खाते.

आधी धुणं. तबकडी लाखेची असते, आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर, कुसुमावर पिकते तीच लाख. सुतार पॉलिशसाठी लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे लक्षात ठेवलं की पुढचं सांगायची गरज नाही: स्पिरिट, सॅनिटायझर, सेंट, काहीही लावू नका. एक लिटर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. पाणी गरम नको. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवा कधीच नाही. लेबल कोरडं ठेवा. नंतर बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड वॉटरनं खळखळून घ्या; बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग खाचांत बसतात आणि मग तेच खरखरतात. सुती कापडानं टिपून सावलीत उभी करून वाळवा. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, म्हणून तडा गेलेली तबकडी धुवूच नका. आणि खर्रा घोटलेल्या हातानं तर शिवूच नका.

सुईचा नियम एकच: एक बाजू, एक सुई. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच तिच्यावर घासून खाचेच्या मापाची होते आणि बाजू संपेपर्यंत तिच्या कडा धारदार होतात. तीच सुई पुन्हा लावली की ती रंध्यासारखी चालते. कागदावर काळी पूड पडायला लागली तर समजा, संगीतच सांडतंय. इंग्लंडमध्ये शौकीन लोक निवडुंगाच्या काट्याच्या नाहीतर बांबूच्या सुया वापरत. म्हणून कुंपणावरचा बाभळीचा काटा लावायचा मोह होईल, पण त्या सुया मापानं घासून टोकदार केलेल्या असत.

एफएफआरआरच्या तबकड्या शक्यतो चाबीच्या फोनोवर लावूच नका. मिनिटाला ७८ फेऱ्यांची गती असलेला विजेचा प्लेअर आणि ३ मिलची सुई (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग; सुमारे ७५ मायक्रॉन) घ्या, तबकडीवर सुईचा भार ३ ते ५ ग्रॅम. एलपीची ०.७ मिलची सुई खाचेच्या तळाशी पडते आणि नुसता कचराच वाजवते. एकदा नीट वाजवून मोबाइलमध्ये भरून घ्या, नंतर ऐकायला तेच वापरा.

गती तपासताना सुई तबकडीवर टेकलेली हवी, कारण तिच्या ओढीनं चक्र हळू होतं. कडेला कागदाची चिठ्ठी लावा आणि अर्ध्या मिनिटात ३९ फेऱ्या मोजा. ७७ पट्ट्यांची स्ट्रोब चकती (गती तपासायची, पट्ट्या छापलेली चकती) असेल तर ५० हर्ट्‌झच्या विजेवर ती ७७.९२ फेऱ्यांना स्थिर दिसते. मात्र त्यासाठी तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट लागते. बऱ्याच एलईडीखाली पट्ट्या दिसतच नाहीत. गती मध्येच ढिली पडत असेल तर गव्हर्नरवर (गती कायम राखणाऱ्या फिरत्या भागावर) शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. स्प्रिंगचा डबा मात्र घरी उघडू नका. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते बाजूंच्या क्रमात. १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावतात, म्हणून मोठी रचना तीन-चार तबकड्यांवर तुकडे करून येते. त्यातही दोन तऱ्हा. डेक्काच्या क्रमांकाआधी 'के' असेल तर एक-दोन, तीन-चार असं सरळ वाजवा. 'एके' असेल तर तो संच आपोआप तबकडी टाकणाऱ्या यंत्रासाठी आहे: तीन तबकड्यांत १ च्या मागे ६, २ च्या मागे ५, ३ च्या मागे ४. सरळ उलटत गेलात तर सुरुवातीनंतर थेट शेवटच येईल, आणि विलायती संगीत असंच बेढब असतं असं वाटेल. लेबलवरचा बाजूचा आकडा पाहून आधी खडूनं खोक्यावर क्रम लिहून ठेवा.

तबकड्या थप्पीनं ठेवू नका, खालच्या तडकतात. उभ्या, एकमेकींना घट्ट टेकून ठेवा. टिनाच्या छताखालच्या खोलीत तर नाहीच. मे महिन्यात त्या वाकतात. कूलरच्या खोलीतही ओल धरून बुरशी येते. मातीच्या जाड भिंतीची आतली खोली बरी.

वीज गेली तर चाबीचा फोनो कामी येतोच. इंग्लंडमध्येही हे नवं नाही: २९ सप्टेंबर १९४६ ला सुरू झालेला बीबीसी रेडिओचा थर्ड प्रोग्रॅम पुढच्याच फेब्रुवारीत कोळशाच्या टंचाईपायी, वीज वाचवायला, काही दिवस बंद ठेवावा लागला होता. फोनोला आवाज कमी-जास्त करायची कळ नसते. हळू हवं असेल तर बारीक सुई लावा. भोंगा पेटीच्या पोटात असेल तर वाजताना झाकण लावून घ्या, सुईची खरखर आतच राहते.