नळ गळतोय म्हणून आवळू नका: घरच्या नळकामात होणाऱ्या चुका

नळ टपटप गळायला लागला की घरातला जो तो त्याला आवळून बघतो. आधी हाताने, मग पकडीने. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुन्या पितळी नळात आतला रबरी वायसर झिजलेला असतो. तुम्ही आवळाल तसा तो आणखी चिरडतो, आणि वायसर जिथे टेकतो ती पितळी कडाही पुढे खराब होते. मग काही रुपयांच्या वायसरवर भागणारं काम अख्खा नळ बदलण्यावर जातं.

गळती किती आहे ते एकदा मोजून बघा. 200 मिलीचा पेला अर्ध्या तासात भरत असेल, तर दिवसाला साडेनऊ लिटरच्या वर पाणी जातंय. आपल्याकडे जळगाव, धुळे, अमळनेर, कुठेही बघा, नळाला रोज पाणी येईलच असं नसतं. सकाळी शेजारची काकू ‘पानी उनं का?’ (पाणी आलं का?) म्हणून विचारते, तिथे हे साडेनऊ लिटर थोडे नाहीत.

वायसर बदलणं घरी जमतं. टाकीचा कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या, पान्याने वरचा भाग सोडवा. नळाच्या क्रोमला ओरखडे पडू नयेत म्हणून पान्याखाली फडकं धरा. जुना वायसर दुकानात सोबत न्या, अंदाजाने आणलेला बसत नाही. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत मात्र वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे आतला संपूर्ण कार्ट्रिज बदलावा लागतो, जोर लावून काहीही होत नाही.

पण हे सगळं कॉक फिरला तर. वर्षानुवर्षं हात न लावलेला कॉक क्षारांनी जाम होतो आणि पाइप फुटल्यावरच ते कळतं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा तो पूर्ण बंद करून उघडा. घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या आईलासुद्धा, तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.

टाकी भरलेली, स्वयंपाकघरात पाणी येतंय, पण न्हाणीघरातला नळ नुसता फुसफुसतोय, ही तक्रार आपल्याकडे फार. पाणी लांबलं, टाकी तळाला गेली की पाइपात हवा शिरते. पाइप जिथे उंच जाऊन पुन्हा खाली वळतो तिथे ती अडकून बसते. लोक मोटार पुन्हा लावतात, टाकी उतू घालवतात, कोणी भिंतही फोडतं. त्याऐवजी टाकी निम्म्याच्या वर भरू द्या, मग त्या लाइनीवरचे सगळे नळ, विशेषतः सगळ्यात खालचा, पूर्ण उघडे ठेवा. थुंकत थुंकत हवा निघते. वारंवार होत असेल तर टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाला टाकीपेक्षा उंच असा हवेचा पाइप उभा करून घ्या.

नळाची धार बारीक झाली की टाकीला दोष देण्याआधी नळाच्या तोंडाची जाळी काढा. बोअरचं पाणी जड, त्यामुळे पांढरा थर चढतो. व्हिनेगरमध्ये तासभर भिजवली की मोकळी होते. खूप दिवसांनी पाणी आलं की पहिला गढूळ लोंढा अंगणातल्या साध्या नळाने सोडून द्या. त्यातली रेती गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळात गेली तर चकत्या चिरतात.

पाणी कमी येतं म्हणून नगरपालिकेच्या लाइनीला थेट टिल्लू (छोटी मोटार) लावणं ही मात्र धोक्याची चूक आहे. पाइपात ओढ निर्माण होते आणि जिथे गळती असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. ते तुमच्या आणि शेजाऱ्यांच्याही माठात जातं.

सिंक तुंबलं की ॲसिड ओतू नका. शेवभाजीची तर्री, भरताचं तेल आणि जड पाण्यातल्या साबणाची साय मिळून थर होतो. सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे बाटलीसारखा भाग, हाताने सोडवून, खाली बादली ठेवून धुतला की बहुतेक वेळा काम होतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा लग्नाला गावी जाऊन आलात आणि घरात गटाराचा वास येतोय? पाइप फुटलेला नाही. उन्हाळ्यात नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे न्हाणीच्या जाळीखाली साचून वास अडवणारं, पाणी सुकलंय. दोन तांबे पाणी ओता.

सोलरच्या गरम पाण्याला पांढरा साधा पीव्हीसी पाइप लावू नका, तो मऊ पडून वाकतो. तिथे पिवळसर सीपीव्हीसीच हवा. जोडणीचं सोल्यूशन एप्रिल-मेच्या उन्हात चटकन सुकतं, म्हणून आधी पाइप कोरडाच बसवून माप घ्या, मग सोल्यूशन लावून लगेच दाबा आणि काही तास पाणी सोडू नका.

बोर्डाजवळची भिंत ओली दिसली तर आधी मेन स्विच बंद करा. आणि गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय म्हणून तिथे बूच ठोकू नका, दाब बाहेर पडायची ती वाट आहे. तिथे प्लंबरच बोलवा.