परदेशी प्राध्यापक कॉलेजात येणार आहेत? शाल-श्रीफळाच्या आधीची तयारी

पुण्यातल्या कॉलेजात परदेशी पाहुणे आले की काय होतं ते आपल्याला पाठ आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. प्रास्ताविक पंचवीस मिनिटं, परिचय दहा मिनिटं, आणि पाहुण्यांना सांगितलेलं असतं की जेवण थंड होतंय, तेव्हा थोडक्यात बोला. शेवटी जिओ-टॅग फोटो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’च्या फाइलीत एक पान वाढतं आणि वर्गात काहीच बदलत नाही. आमच्या कॉलेजात पहिल्या वेळी मी स्वतः हेच केलं. श्रीफळ पाहुण्यांनी निघताना आमच्या शिपायांच्या हातात ठेवलं, ही त्या दिवसातली एकमेव खरी देवाणघेवाण.

त्यानंतर जे शिकत गेले ते इथे क्रमाने लिहिते आहे. छोट्या, अनुदानित, फारसे पैसे नसलेल्या कॉलेजालाही हे जमतं. त्यासाठी आठ-दहा महिने आधी सुरुवात हवी आणि पाहुण्यांना स्टेजवरून उतरवून वर्गात नेण्याची तयारी हवी.

१. आधी विषय, मग माणूस

‘कोणीतरी फॉरेनचे प्राध्यापक मिळाले आहेत’ इथून सुरुवात करू नका. विभागाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आपल्या अभ्यासक्रमातलं कोणतं प्रकरण आपण दरवर्षी कसंबसं उरकतो? आमच्याकडे समाजशास्त्रात ते ‘स्थलांतर’ होतं. पुस्तकात व्याख्या, परीक्षेत व्याख्या, आणि समोर बसलेली निम्मी मुलं इंदापूर, बीड, धाराशिवहून स्थलांतर करून आलेली! गरज अशी नेमकी सापडली की पत्र लिहिणंही सोपं जातं. ‘आपले अनमोल मार्गदर्शन लाभावे’ यापेक्षा ‘दुसऱ्या वर्षाच्या साठ मुलांना हे प्रकरण आमच्यासोबत पंधरा तास शिकवाल का’ या वाक्याला उत्तर लवकर येतं.

२. शोध कुठे घ्यायचा

सरकारी मार्गांपैकी ‘ग्यान’ ही २०१५ साली सुरू झालेली केंद्राची योजना परदेशी प्राध्यापकांच्या छोट्या अभ्यासक्रमांसाठीच आहे. फुलब्राइट स्पेशालिस्ट कार्यक्रमात अमेरिकी तज्ज्ञ दोन ते सहा आठवड्यांसाठी येतो. प्रवास आणि मानधन कार्यक्रमाकडून मिळतं, तर राहणं, जेवण आणि स्थानिक प्रवास बहुधा यजमान संस्थेकडे असतो. एकट्या छोट्या कॉलेजाने उडी मारण्यापेक्षा शेजारचं एखादं कॉलेज किंवा विद्यापीठाचा विभाग सोबत घ्यावा. खर्चही वाटला जातो आणि पाहुण्यांचे रिकामे दिवसही भरतात.

पण सगळ्यात स्वस्त मार्ग आपल्या नाकासमोर आहे. पुण्यात परदेशी अभ्यासक आधीच राहतात. भांडारकर संस्था १९१७ पासून आहे, डेक्कन कॉलेज त्याहून कितीतरी जुनं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे विद्यार्थी इथे मराठी आणि संस्कृत शिकायला येतात. आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर झेलियट, खंडोबा आणि धनगरांच्या मागे रानोमाळ हिंडलेले गुंथर सोन्थायमर ही माणसं याच वाटेने इथली झाली. आजही लॉ कॉलेज रोडवरच्या एखाद्या वाचनालयात ओव्या उतरवून घेणारी परदेशी मुलगी बसलेली असते आणि दोन किलोमीटरवरच्या कॉलेजाला तिचा पत्ता नसतो. तिला चहाला बोलवा, मग वर्गात बोलवा. फक्त मानधन द्यायच्या आधी तिचा व्हिसा काय परवानगी देतो ते बघा.

३. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच बहुतेक बेत बुडतात.

व्हिसा कोणता घ्यायचा हे पाहुण्यांवर सोडू नका. ‘टुरिस्ट व्हिसावर येते, काय फरक पडतो’ असं पाहुणे सहज म्हणतात. फरक पडतो. उदाहरणार्थ, ग्यानखालच्या व्याख्यानांसाठी ई-बिझनेस व्हिसा चालतो. परिषद असेल तर कॉन्फरन्स व्हिसा, संशोधन असेल तर वेगळा. निमंत्रणपत्रात तारखा, कामाचं स्वरूप, खर्च कोण करणार आणि पाहुणे कुठे उतरणार हे स्पष्ट लिहा आणि प्राचार्यांची सही घ्या.

परदेशी व्यक्ती जिथे उतरते त्या जागेच्या मालकाने किंवा चालकाने २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची असते. ‘फॉर्म सी’ म्हणून सगळे ओळखतात तो हाच. हॉटेलवाले न सांगता भरतात. घरमालकांना आणि कॉलेजच्या गेस्ट हाउसला मात्र आठवण करावी लागते. संशोधन किंवा नोकरीच्या १८० दिवसांहून मोठ्या व्हिसावर येणाऱ्यांना पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते. सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा ऑफिसच्या कपाटातलं जुनं परिपत्रक काढून त्यावर विसंबू नका.

पैशांचं अकाउंट्समध्ये आधीच बोलून ठेवा. अनिवासी व्यक्तीला मानधन देताना टीडीएसचे, म्हणजे मानधनातून आधीच कर कापण्याचे, नियम वेगळे असतात. अमेरिकेसारख्या काही देशांशी झालेल्या करारांत प्राध्यापकांसाठी सवलतीचं कलम आहे, पण त्यासाठी पाहुण्यांना त्यांच्या देशाचं करनिवासाचं प्रमाणपत्र आणावं लागतं आणि ते मिळायला वेळ लागतो. सीएंना तीन महिने आधी फोन करा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी केलात तर ते जे बोलतील ते योग्यच असेल.

४. तारीख

जून-जुलैत प्रवेशाची धांदल. गणपतीत लक्ष्मी रोड-टिळक रोड बंद आणि मुलं ढोलपथकात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा आणि दिवाळी. उरतात जानेवारी-फेब्रुवारी. हवाही चांगली, पण त्यातच गॅदरिंग आणि साडी डे. जानेवारीचा दुसरा आठवडा धरा आणि गॅदरिंगची तारीख लेखी घ्या.

५. राहण्याची सोय

कॉलेजच्या पायी अंतरावर खोली मिळाली तर अर्धी लढाई जिंकली. सोसायटीत फ्लॅट घेणार असाल तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, वॉचमनला पाहुण्यांचं नाव नीट उच्चारून दाखवा. सिमकार्डसाठी पहिल्याच दिवशी एक विद्यार्थी सोबत द्या. पाणी फिल्टरचं, भाजीत तिखट कमी, डासांसाठी मशीन. मिसळ तिसऱ्या दिवसाआधी नाही, हा आमचा अलिखित नियम आहे आणि तो कसा तयार झाला हे विचारू नका.

परदेशातून येणारे बरेच जण मुंबईला मध्यरात्री उतरतात. गाडी आधी ठरवा आणि ड्रायव्हरचा नंबर पाहुण्यांना आदल्या दिवशी पाठवा.

६. वर्ग: सगळं इथेच आहे

एक क्रेडिट म्हणजे पंधरा तासांचं अध्यापन. रोज दीड तास धरला तर दहा दिवसांत एक क्रेडिट बसतं. स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यास मंडळाची मंजुरी घेऊन ते खरंच क्रेडिट म्हणून द्या. नसेल तर सर्टिफिकेट कोर्स करा. पण सुटी-सुटी व्याख्यानं नकोत.

प्रत्येक तासाला आपला एक शिक्षक यजमान म्हणून वर्गात हवाच, तोही शेवटच्या बाकावर मोबाइल बघत नव्हे, पाहुण्यांच्या शेजारी उभा. त्या शिक्षकाचे बाकीचे तास त्या दोन आठवड्यांपुरते कमी करा. हे प्राचार्यांकडून आधीच कबूल करून घ्या, नाहीतर तो बिचारा दोन्हीकडे धावून शेवटी चिडतो. विषयातले वीस शब्द मराठी अर्थासह आदल्या दिवशी मुलांना वाटा. तासाची शेवटची दहा मिनिटं यजमान शिक्षकाने झालेलं मराठीत सांगायचं. ‘इंग्रजीची सवय व्हायला हवी’ हा आग्रह मला पटत नाही. सवय लागेपर्यंत पाहुणे परत गेलेले असतात.

आमच्याकडे आलेल्या जर्मन बाईंचे पहिले दोन दिवस वाया गेले. त्या ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारायच्या आणि साठ मुलं वहीत बघायची. तिसऱ्या दिवशी आम्ही चिठ्ठ्या वाटल्या. मराठीत लिहा, नाव नको. पहिल्याच चिठ्ठीत होतं: ‘मॅडम, तुमच्याकडे मुलाला शहरात शिकायला पाठवताना जमीन गहाण ठेवावी लागते का?’ आमच्या सहकाऱ्याने वाचून दाखवलं, मग इंग्रजीत सांगितलं. बाई खुर्ची ओढून खाली बसल्या. म्हणाल्या, तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, गरजू मुलांना सरकारी मदत मिळते, तिच्यातली अर्धी रक्कम नंतर बिनव्याजी फेडायची. पण मोठ्या शहरात खोलीचं भाडं मुलांना खातं.

भाडं म्हटल्यावर वर्ग जागा झाला. कोणी म्हणालं, सदाशिव पेठेत या, कॉट बेसिस दाखवतो. कॉट बेसिस म्हणजे खोली नाही, खोलीतली एक कॉट भाड्याने, हे इंग्रजीत समजावताना वर्गात जी हसाहस झाली, तिथून पुढचे सात दिवस आम्हाला काही करावंच लागलं नाही. मुलांनी सातच्या सात दिवस पेठांमधून हिंडून माहिती गोळा केली: एका खोलीत किती कॉट, भाडं किती, मेस कुठे, मुलगा कोणत्या तालुक्यातला, स्पर्धा परीक्षेचं कितवं वर्ष. बाईही एका खोलीवर गेल्या. सहा कॉट, प्रत्येक कॉटखाली एक पत्र्याची पेटी, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि दोरीवर वाळणारे टॉवेल. उभं राहायला जागा नाही म्हणून त्या एका कॉटवर बसल्या आणि मुलांनी त्यांना पेटीतला चिवडा दिला. स्थलांतराची व्याख्या त्या वर्षी कोणी पाठ केली नाही.

७. वर्गाबाहेर

पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवायला गाइड आहेत. कॉलेजने वेगळं दाखवावं. आमच्या बाई सकाळी सात वाजता ‘कमवा आणि शिका’च्या मुलांबरोबर बागेला पाणी घालायला गेल्या आणि कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल त्यांनी माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. शेजारच्या झेडपीच्या शाळेत एक तास, पालकांच्या घरी एक जेवण, बचत गटाच्या बायकांबरोबर एक दुपार, इतकं पुरे. घरी जेवायला नेणाऱ्या कुटुंबाला मात्र सांगा की आग्रह दोनदाच करायचा. आणि रोज संध्याकाळ मोकळी ठेवा. पाहुणचाराच्या नादात आपण माणसाला एकटं बसू देत नाही. परदेशी पाहुण्यांची ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे.

८. निघण्याआधी

शेवटच्या दिवशी समारंभ करायचाच असेल तर अर्ध्या तासात आटपा आणि भाषण मुलांना करू द्या. सगळं साहित्य, चिठ्ठ्यांसकट, विभागाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी ते प्रकरण आपल्याच शिक्षकाला एकट्याने शिकवायचं आहे. दोन महिन्यांनी एक ऑनलाइन तास आत्ताच ठरवून टाका, कारण ‘संपर्कात राहू’ म्हटलेलं कोणी राहत नाही.

मग पाहुण्यांसोबत एक तास बसून विचारा, काय अडलं? लाजू नका, लिहून घ्या. ती यादी पुढच्या पाहुण्यांच्या खोलीत लावायची असते. आमच्या बाईंनी अकरा गोष्टी सांगितल्या. पहिली अशी होती: गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, दाराच्या मागे आहे, हे कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. बाई जानेवारीत बारा दिवस गार पाण्याने आंघोळ करत होत्या.