गिरणगावची खाणावळ, एका रात्रीपुरती: इतिहास मंडळाच्या निधीसाठी जेवण कसं घालावं

स्थानिक इतिहासाचं काम करणाऱ्या मंडळाला पैसे लागतात ते साध्यासुध्या गोष्टींसाठी. निवृत्त कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, जुने फोटो स्कॅन करायचे, युनियनची पिवळी पडलेली पत्रकं वाळवीच्या तोंडातून काढायची. त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलं की लोक एकावन्न रुपये देतात आणि दार लावून घेतात. तेच लोक जेवायला दीड हजार मोजून येतात. फक्त ताटात हॉटेलात न मिळणारं काहीतरी हवं.

मुंबईच्या गिरणगावाकडे, म्हणजे लालबाग-परळकडे, ते आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढची सव्वाशे वर्षं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष बायकामुलांना गावी ठेवून इथे येत राहिले. एका गाळ्यात पंधरा-वीस जण, झोपायचं पाळीप्रमाणे, आणि जेवायचं खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. चाळीतली एखादी बाई आपल्याच खोलीत वीस-पंचवीस जणांचं रांधायची. पैसे पगाराला, गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा. गिरण्यांच्या इतिहासात मालक असतात, पुढारी असतात, यंत्रं असतात; ही बाई बहुतेकदा नसते. म्हणून माझा सल्ला असा की ‘गिरण्यांचं वैभव’ वगैरे नाव न देता रात्र सरळ खाणावळीची करावी. पुढचे सगळे निर्णय त्याने सोपे होतात.

१. तारीख आणि जागा

१० जून मोहात पाडणारी तारीख आहे. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली याच दिवशी रविवारची साप्ताहिक सुट्टी मंजूर झाली. पण १० जूनला मुंबईत मांडव घालणाऱ्याने आधी आभाळाकडे बघावं. १८ जानेवारी तर टाळाच. १९८२ साली त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या पुष्कळांच्या घरी तो विषय आजही जेवताना काढत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा रविवार धरा, म्हणजे सामिष खाणाऱ्यांचीही अडचण नाही. सुरुवात सातला, कारण खुल्या जागेत दहानंतर ध्वनिक्षेपक बंद.

जागा ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका, सुक्या मासळीचा विचारा. आम्ही एकदा विचारला नाही. आगाऊ रक्कम भरून झाल्यावर कळलं की हॉल फक्त शाकाहारी आहे. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत सुकट भाजायला बंदी, यावर हसावं की रडावं कळेना. जमल्यास जुन्या चाळीचं पटांगण किंवा शाळेचं मैदान बघा, तिथे भाकरीच्या चुलीही लावता येतात.

२. ताट

गिरणगावात दोन चवी नांदत होत्या, कोकणी आणि घाटी, आणि त्यांची एकमेकांना चिडवण्याची परंपराही होती. दोन्ही वाढा. कोकणाकडून कुळथाची पिठी, भात, सुक्या बोंबलाची चटणी, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. घाटावरून ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, मटणाचा रस्सा. गोडाला फार डोकं लावू नका, शिरा पुरतो. केटररने आपणहून पनीर सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

स्वयंपाक केटररचा असला तरी चव ठरवायला खाणावळ चालवलेली एखादी आजी किंवा तिची सून आधी दोनदा बोलवा. एकदा सांगायला, एकदा चाखायला. तिला मानधन द्या. ‘मानाचं पान’ देऊन भागवू नका. खाणावळवाल्या बाईची उधारी आयुष्यभर पुरेशी थकली आहे. या बायांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. ही माहिती मेनूकार्डाच्या मागे चार ओळींत छापा. भाषणात सांगायला गेलात तर रस्सा थंड होईल.

अंदाज १२० माणसांचा धरू. भाकरी आहे म्हणून तांदूळ माणशी ९० ग्रॅम, म्हणजे साधारण ११ किलो. भाकऱ्या माणशी दीड, म्हणजे १८०, पीठ १६ ते १८ किलो. एक बाई एका चुलीवर तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या थापते. तीन चुली, तीन बाया, वाढायच्या आधी तासभर सुरुवात आणि पुढे पंगतीसोबत चालू. सगळ्या भाकऱ्या आधी करून डब्यात भरल्या तर त्या चिवट होतात आणि तीच गोष्ट लोकांच्या लक्षात राहते. केटररकडे अन्नसुरक्षेचा परवाना आहे ना, ते कागद बघूनच पक्कं करा.

३. मांडणी: कापसापासून कापडापर्यंत

टेबलांना नंबर देऊ नका, गिरणीतल्या खात्यांची नावं द्या. ब्लो रूम (गाठीतला कापूस मोकळा करणं), कार्डिंग (तंतू विंचरणं), त्रासन (सूत कातणं), रीळ (सूत गुंडाळणं), साचा (मागावर विणणं), फोल्डिंग (घडी घालणं). सहा खाती, प्रत्येकी वीस माणसं, आणि मांडणी याच क्रमाने, म्हणजे दारातून आत येणारा पाहुणा कापसाच्या गाठीपासून घडी घातलेल्या कापडापर्यंत चालत जातो. प्रत्येक टेबलावर एकच वस्तू ठेवा, हातात घेता येईल अशी: पिंजलेला कापूस, पेळू (कापसाची जाड वात), बॉबिन, रीळ, धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), मांजरपाटाचा (जाड्याभरड्या कापडाचा) तुकडा. धोटे आणि बॉबिन जुन्या बाजारात मिळतात, पण आधी सभासदांना विचारा. बऱ्याच घरांत धोटा माळ्यावर असतोच.

आता खरी कळ. प्रत्येक टेबलावर त्या खात्यात काम केलेल्या माणसांपैकी दोन-तीन जण बसवा. व्यासपीठ नको, माईक नको. जेवता जेवता विचारलं की साचेवाला एका वेळी किती साचे सांभाळायचा, धागा तुटला की काय करायचे, तर माणूस बोलतो; माईक हातात दिला की तोच माणूस ‘सन्माननीय अध्यक्ष’पासून सुरुवात करतो. रीळ खात्याच्या टेबलावर बाई हवीच. ते बायकांचं खातं होतं, त्यांच्यावर नाईकीण असायची, आणि पुढे बायका गिरण्यांतून कमी कमी होत गेल्याने ही माणसं आता मिळणं कठीण आहे. शोध तीन महिने आधी सुरू करा. साचा खात्यातल्या लोकांना ध्वनिक्षेपकापासून लांब आणि भिंतीच्या बाजूला बसवा. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने त्यांना कमी ऐकू येतं, आणि गोंगाटात ते गप्प बसून राहतात.

या पाहुण्यांना तिकीट नाही, जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं मंडळाकडे. तीन मजले उतरायला मदत लागेल का, हेही फोनवर विचारा.

तिकीट पगाराच्या पाकिटासारखं छापा, हजेरीचा बिल्ला द्या, प्रतीक्षायादीला ‘बदली’ म्हणा, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की घेतला जाणारा. इतपत गंमत चालते. वाढप्यांना खाकी अर्धी चड्डी नि गांधीटोपी घालून कामगार बनवू नका. समोर बसलेल्या माणसाचा तो खरा पोशाख होता.

गिरणीचा भोंगा वाजवायची कल्पना कुणीतरी काढतंच. वाजवा, पण आधी सांगून आणि एकदाच. आम्ही ध्वनिमुद्रण मिळवून वाजवलं तेव्हा एका आजोबांनी मान हलवली: हा आमच्या गिरणीचा नव्हे, आमचा जाड होता. शेजारच्यांनी त्यांची गिरणी सांगितली, तिसऱ्याने आवाज काढून दाखवला. कार्यक्रमपत्रिकेतली पुढची वीस मिनिटं तिथेच गेली. जाऊ द्यावीत. त्या वेळी वही घेतलेला एक स्वयंसेवक मात्र जवळ हवा.

४. पैसे

उदाहरणापुरता हिशोब: १०० तिकिटं १,५०० रुपयांनी, म्हणजे दीड लाख. १२० ताटं ५५० रुपयांनी ६६,०००. जागा २०,०००, छपाई-रिक्षा-मानधन मिळून १४,०००. खर्च एक लाख, हातात पन्नास हजार. एवढ्यासाठी एवढी धावपळ? तिकिटाने खर्च भागवायचा आणि निधी दुसरीकडून उभा करायचा, हे गणित पहिल्या बैठकीतच सांगून टाका. खात्याचं प्रायोजकत्व विका: ‘त्रासन खात्याचं जेवण अमुक कुटुंबाकडून, आजोबांच्या स्मरणार्थ’. टेबलावर रिकामी पगारपाकिटं ठेवा आणि पैसे कशाला हवेत ते आकड्यात लिहा: एका मुलाखतीचं ध्वनिमुद्रण आणि लेखन इतके रुपये, एक पेटी कागद स्कॅन करायला इतके. ‘वारसा जतनासाठी’ असं मोघम लिहिलं की पाकिटात पन्नासची नोट येते.

पावत्या दोन वेगळ्या. तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळतं, त्यामुळे तिकिटाची रक्कम देणगीत धरू नका. मंडळाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असली तरी ज्याला सगळे ‘८०जी’ म्हणतात ती आयकर सवलत आपोआप मिळत नाही. तिची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. ती असेल तर देणगीदाराला सांगा की २,००० रुपयांवर रोख दिल्यास सवलत मिळणार नाही. क्यूआर कोड मोठा छापा. खजिनदाराला वाढायला उभं करू नका.

५. दुसऱ्या दिवशी

आणलेले फोटो आणि धोटे आठवड्याच्या आत ज्याचे त्याला परत. त्यासाठी घेतानाच वहीत नाव, वस्तू, सही. परत करायला दोघांनी जावं, एकाने मोबाइलचा रेकॉर्डर चार्ज करून न्यावा. दार उघडल्यावर चहा येतो, मग माळ्यावरून दुसरी पेटी खाली येते.